नागापूरच्या नकाशावरच्या टिकल्या

मित्रांनो, मी एक जुना, हाताने काढलेला नकाशा आहे. फाटू नये म्हणून माझ्या पाठीला मांजरपाटाचं कापड चिकटवलेलं आहे. अहमदनगर शहरापासून घोडेगावपर्यंतचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची गावं माझ्या अंगावर आहेत. मध्ये नागापूरची एमआयडीसी आहे.

माझा जन्म १९९६ साली शहरातल्या एका छोट्या संस्थेच्या खोलीत झाला. पुष्पावती सिस्टर दवाखान्यातली नोकरी सोडून तिथे आल्या होत्या. त्या काळी एड्सचं नाव लोक दबक्या आवाजात घेत. सिस्टरांनी वॉर्डात ऐन विशी-पंचविशीतली मुलं जाताना पाहिली होती. त्या म्हणत, "पोरं आपल्याकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो. आपणच आधी त्यांच्याकडे जायला हवं." पण जायचं नेमकं कुठे? ते ठरवायला त्यांनी मला घडवलं.

नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा भीमराज आणि त्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी येत आणि माझ्यावर वाकून बसत. सिस्टर त्यांना बजावत, "कोण आजारी आहे ते मला सांगायचं नाही. कुणाचं घर दाखवायचं नाही. तरुण पोरं कुठे जमतात, तेवढंच सांगा."

मग त्यांनी पर्समधून लाल टिकल्यांचं पाकीट काढलं. कामगारांची खानावळ, व्हिडिओ पार्लर, ट्रक थांबतात ते ढाबे, घोडेगावचा जनावरांचा बाजार, सगळीकडे एकेक टिकली लागली. भीमराजने आपल्या वस्तीवरही, बुद्धविहारामागच्या तालमीपाशी, आनंदाने एक लावली.

निरोध कुठे मिळतो, त्या जागा काळ्या पेनने दाखवल्या. जवळजवळ सगळ्या शहरात निघाल्या.

"आमच्याकडं हाय की एक मेडिकल," भीमराज म्हणाला. "पर त्यो दुकानदार आमच्या वडलांच्या बसण्या-उठण्यातला. त्याच्याकडं मागायचं म्हंजी वडलांकडंच मागितल्यावानी."

सगळे हसले. सिस्टरांनी मात्र न लाजता कुठे मागता येईल ते विचारलं. पुढे सलूनमध्ये, पानटपरीवर, सायकलच्या दुकानात निरोधचे डबे गेले. पाळी सुटल्यावर खानावळीत मोकळ्या गप्पा सुरू झाल्या. पाहुणे येत, माझं कौतुक करत. मला दाराजवळच्या भिंतीवर टांगलं गेलं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'एड्स प्रतिबंध'. मला फार अभिमान वाटायचा.

त्याच भिंतीने घात केला.

भीमराजची बहीण अश्विनी हिचं लग्न शेवगावकडे ठरलं होतं. मुलाचे मामा एकदा दुसऱ्याच कामाने संस्थेत आले. त्यांनी वरची अक्षरं वाचली आणि अश्विनीच्या वस्तीवरची लाल टिकली पाहिली. कुणाला काही विचारलं नाही. थोड्याच दिवसांत लग्न मोडल्याचा निरोप आला.

अश्विनीचे वडील रंभाजी संस्थेत आले. ते ओरडले नाहीत. "बाई, तुमी चांगलंच करायला गेला आसाल," ते म्हणाले. "पर आमच्या वस्तीला लाल टिकली लावून भिंतीला टांगलं. आमच्या हातचं पानी प्यायला लोक आत्ता कुठं लागले हुते."

सिस्टर उठल्या. त्यांनी मला उतरवलं, गुंडाळलं आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. भीमराज यायचा थांबला. खानावळीतल्या गप्पाही थांबल्या. आत अंधार होता, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. ती टिकली रोगाची नाही, तिथे जाऊन बोलायचं आहे एवढाच तिचा अर्थ, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड नव्हतं, आणि सुतळीने बांधल्यामुळे साधं उलगडताही येत नव्हतं.

एके दुपारी पत्र्यापलीकडून नवा आवाज आला. "जयभीम, सिस्टर. मी भीमराजची बहीन. ज्याच्यापायी माझं लगीन मोडलं तो नकाशा बघायचाय मला."

कुलूप निघालं. ही आता मला फाडणार, असंच मला वाटलं. अश्विनीने मला टेबलावर पसरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ह्या समद्या टिकल्या पोरांच्या हायेत," ती म्हणाली. "पोरी कुठं हायेत?"

सिस्टर माझ्यावर आणखी वाकल्या.

"माझी मैतरीन सायली लगीन करून नागापुरात गेली. नवरा ह्याच आजारानं गेला. आता तिलाबी हाय. ती तुमच्या एकाबी टिकलीवर नव्हती, सिस्टर. ती घरात हुती. तिला भायेर पडू देत नव्हते."

"मग तिच्या घरावर टिकली लावायची का?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

"न्हाई. घरावर न्हाई. तिला कुठं कुठं जाऊ देत हुते, ते मी तिलाच इचारून येते."

ती परत आली तेव्हा तिच्या हातात हिरव्या टिकल्यांचं पाकीट होतं. "सायलीनं दिलंय. सासू म्हनली, आता तुला काय करायच्यात."

अश्विनीने एकेक टिकली लावली. पाण्याचा नळ, बालवाडीचं दार, पिठाची गिरणी. "सायली म्हनली, गिरणीत रांगंला लई येळ उभं ऱ्हावं लागतं. तिथं कुनी बोललं आसतं, तर मी ऐकलं आसतं."

या जागा माझ्यावर तोवर कोऱ्या होत्या. मला त्या कधी जाणवल्याही नव्हत्या.

अश्विनी आणि सिस्टर गिरणीच्या ओट्यावर नव्या सुनांबरोबर बसू लागल्या. गिरणीच्या घरघरीत बाहेरच्या कुणाला काही ऐकू जात नसे. भीमराजही खानावळीत परतला. टिकलीचा खरा अर्थ कळल्यावर शेवगावच्या लोकांनी लग्नासाठी पुन्हा निरोप धाडला, तेव्हा अश्विनीने सांगितलं, "आधी दोघांचं रगत तपासू, मंग बोलू." तिकडून पुढे कुणी आलं नाही. सायली पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिला वाचवणारी औषधं तेव्हा आपल्याकडच्या माणसाच्या हाताला लागत नव्हती.

मला मात्र भिंत पुन्हा मिळाली नाही. सिस्टरांनी वरची अक्षरं कापून टाकली. दार लावून माझ्यावर काम व्हायचं आणि मग पुन्हा कुलूप. सुरुवातीला मला राग यायचा. मला कोंडल्यामुळे एखादी वस्ती बदनामीपासून सुरक्षित राहते, हे कळायला वेळ लागला. आता तर काम संपून वर्षं झाली. मी आतच आहे. किल्ली कुणाकडे आहे, ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी आपल्या गावाचा नकाशा काढाल. एखाद्या जागेवर खूण करण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आणि ती खूण कोण पाहणार याचाही विचार करा. नकाशा पुरा झाला असं वाटलं, की त्यात कोण दिसत नाही ते शोधा. अशी एखादी जर घरात अडकलेली असेल, तर तिच्या कानावर दोन शब्द पडतील अशी जागा वेळेवर शोधून काढा. सायलीसाठी तशी जागा कुणी शोधली नव्हती.