शेंगदाणे खाल्लेली उंदरीण

मी प्रयोगशाळेतली पांढरी उंदरीण बोलतेय. भराभर बोलते, कारण थंड खोलीचं दार आता उघडेल आणि या वेळी आत माझी पिल्लं जाणार आहेत.

माझा जन्म इथलाच, लाकडाच्या भुशात. कुणी ट्रे खण्णकन ठेवला की अजूनही मी भुशात दडते. आईचं दूध तुटलं आणि आमच्या पिंजऱ्याला बिनचरबीचं खाद्य सुरू झालं. खडू चावल्यासारखं! शेजारच्यांच्या खाद्यात मात्र तेल. पोटात चरबी कमी गेली तर जनावर थंडी किती सोसतं, ते प्रयोग करणाऱ्या बाईंना पाहायचं होतं.

पिंजरे धुणाऱ्या मावशींना आमची हाडं बघवेनात. "खा गं पोरींनो! माझ्या सुनेसारखं डाएट नका करू," म्हणत त्या रोज खिशातले शेंगदाणे टाकायच्या.

मग आम्हाला थंड खोलीत ठेवलं. कान बधिर झाले, शेपटी लाकडासारखी झाली. पण आम्ही सगळ्याजणी टिकलो. बाई चकित.

"मावशी, यांना बाहेरचं काही दिलं नाहीत ना?"

"छे हो बाई! मी कशाला देऊ?"

बाईंनी वहीत लिहिलं, चरबीवाचून अडत नाही. त्यांना तरी काय ठाऊक, आमच्या अंगात ऊब धरली ती त्या दाण्यांमुळे!

त्याच भरवशावर आता माझी सहा पिल्लं बिनचरबीच्या खाद्यावर आहेत आणि आत राहायचा वेळ दुप्पट. मावशी तीन आठवडे लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, त्यामुळे पिल्लांच्या पोटात एक दाणा नाही. खिडकीतून नुसती झुळूक आली तरी ती एकमेकांत घुसतात. मधे जाळी आहे. मला जवळही घेता येत नाही.

आज मावशी परत आल्या. पिल्लं पाहून त्यांचा चेहरा पडला.

"बाई, यांना... दोन दिवसांनी ठेवलं तर?"

"का? काही सांगायचंय का?"

"नाही. म्हणजे, बारीक वाटतात हो."

"बारीक असणारच, मावशी. प्रयोगच तो आहे."

मावशी फडकं उचलून रिकामा पिंजरा पुसू लागल्या. नोकरी जायची भीती मला कळते. मी स्वतःच्या सावलीला भिते, मला नाही कळणार तर कुणाला?

पण मावशी, बाईंनी पिंजरा उचललाय. मी ओरडतेय आणि त्यांना नुसतं चीं-चीं ऐकू येतंय. चार शिव्या बसतील, बसू देत. तुम्हाला माणसाचं तोंड आहे. सांगा ना त्यांना!