पाहुण्यांच्या खोलीतला पाइप

चष्मेवाल्याच्या घरात वरच्या मजल्यावर कुणी नळ बंद केला, की खालच्या पाहुण्यांच्या खोलीतला पाइप धाडकन भिंतीवर आपटायचा. घरच्यांना त्याची सवय झाली होती. सासूबाईंना मात्र कुणी काही सांगितलंच नव्हतं. मागच्या वर्षी त्या महिनाभर राहायला म्हणून आल्या आणि तिसऱ्याच दिवशी बॅग भरून निघाल्या. जाताना लेकीला एवढंच म्हणाल्या, की जावईबापूंना माझं येणं आवडलेलं दिसत नाही, सकाळी उठल्यापासून भिंत बडवत असतात.

हे चष्मेवाल्याच्या मनाला फार लागलं. सकाळी उठून भिंत बडवण्याइतका उत्साह अंगात असता, तर त्याने पाइपच दुरुस्त करून घेतला नसता का?

आता सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांनी एकटं राहू नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या वेळी आई निघून गेली तर मीही तिच्यासोबत जाईन, असं बायकोने सांगून टाकलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणूनच त्याने लगेच प्लंबरला बोलावलं.

प्लंबर बघून गेला. पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या निखळल्या होत्या. नव्या घेऊन उद्या येतो, तोवर मधे काहीतरी जाड कोंबून ठेवा, म्हणाला. त्याचा उद्या काही उगवेना आणि सासूबाईंची गाडी तर दुपारी येऊन ठेपणार होती. चष्मेवाल्याने जुने टॉवेल कोंबले, पायपुसणं कोंबलं. सगळं घसरून खाली. शेवटी कपाटाच्या तळाशी त्याला मनासारखी वस्तू सापडली. सासूबाईंनी स्वतः विणून दिलेला पिवळाधमक स्वेटर. एक बाही बोटांच्याही खाली लोंबणारी, दुसरी कोपराशीच संपलेली. त्याने तो एकदाही घातला नव्हता, पण सासूबाईंनी विचारलं की "जपून ठेवलाय" असं सांगायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

त्याने स्वेटर पाइपला गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली. बायकोने वर नळ सोडून बंद करून पाहिला. पाइप हूं की चूं करेना. कोपरा अंधारा, सासूबाईंची नजर अधू, म्हणून तो निर्धास्त झाला.

आणि मग त्याला जावईपणाचा उमाळा आला. सासूबाई पलंगावर टेकल्या न टेकल्या तोच त्याने त्यांच्यासाठी बनवलेला नवा चष्मा आणला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या डोळ्यांवर चढवला. त्याचं काम नेहमीच चोख असायचं, आणि तिथेच त्याचा घात झाला. सासूबाईंनी छत पाहिलं, लेकीकडे पाहून ती वाळल्याचं जाहीर केलं आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"त्या पाइपने माझा स्वेटर घातलाय का?"

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याला पाइपमागे जाऊन बसावंसं वाटलं. थापा बऱ्याच सुचत होत्या, पण त्याने खरं तेच सांगितलं.

"आवाजाने तुम्ही पुन्हा निघून जाल अशी भीती वाटली, आई. घरात याच्याइतकं जाड दुसरं काही नव्हतं."

सासूबाईंनी कोपऱ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"म्हणजे तेव्हा भिंत हा बडवत होता?"

"हो."

"आणि मी वर्षभर तुमच्यावर रुसून बसले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नवा चष्मा काढून उगाचच पुसला. चष्मेवाल्यालाही भरून आलं. वर्षभरात एक फोन करून हे सांगायला काय झालं होतं, असं त्याचं त्यालाच वाटलं.

चार-पाच दिवसांनी प्लंबरचा उद्या उगवला. तो बाह्यांची गाठ सोडायला लागला, तशा सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "त्याला हात लावायचा नाही. जावईबापूंनी जपून ठेवलाय तो."

बायको तोंडाला पदर लावून हसली. प्लंबरने निमूटपणे स्वेटरवरूनच पट्ट्या ठोकल्या.

तो गेल्यावर सासूबाईंनी पिशवीतून लोकर काढली. तीच पिवळीधमक. मग जावयाला समोर उभं करून त्याच्या हाताचं माप घ्यायला लागल्या. या वेळी बाह्या सारख्याच होतील, पण गुडघा दुखतोय, फार वेळ बसवत नाही, तेव्हा विणून व्हायला तीन-चार महिने तरी लागतील, असं त्या चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत म्हणाल्या.

"सावकाश विणा, आई," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.