पहिल्या गियरमध्ये

स्कूटर आली ती कार्तिकात, आणि आठच दिवसांनी अमरावतीहून पत्र आलं. मुलाचं लग्न नागपूरला ठरलं आहे, क्षमा असावी, एवढाच मजकूर. साखरपुड्याची अंगठी मागाहून रजिस्टरनं परत आली.

अनुपमानं पत्र वाचलं, घडी घालून वडिलांच्या हातात दिलं आणि राहिलेले तांदूळ निवडायला बसली. आई दोन दिवस रडली. अनुपमाला रडू आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. कुणी हाक मारली तर ती दुसऱ्या हाकेला ओ देत होती.

अनुपमाचे वडील, नारायणराव देहाडराय, अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवत. चार वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं स्कूटरसाठी नाव नोंदवलं होतं. सोयरीक ठरताना मुलाकडच्यांनी नेमकी स्कूटरच मागितली आणि नेमका तेव्हाच नंबर लागला. आता ती फिक्कट हिरवी स्कूटर अंगणात चादरीखाली उभी होती. अनुपमाची आई ताराबाई तिच्याकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत.

"विकून टाका ती," त्या म्हणाल्या.

"विकायची कशाला? मी शिकतो," नारायणराव म्हणाले. त्यांना चोपन्नावं लागलं होतं आणि आजवर सायकलीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

शिकवायला पंजाबराव भेटला. मोर्णा नदीच्या काठी त्याचा वांग्या-कोबीचा मळा होता. लष्करात असताना त्यानं मोटारसायकल चालवली होती. रोज सकाळी भाजीची बैलगाडी घेऊन बाजारात जाताना तो बाळापूर नाक्यापलीकडच्या मैदानावर अर्धा तास थांबायचा.

"मास्तर, इंजिन उजव्या बाजूले हाय. गाडी तिकडंच वढते," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "मांगं कोनी बसलं त बरी चालते."

मागे बसायला ताराबाईंनी साफ नकार दिला. मग नारायणरावांनी अनुपमाला विचारलं. नाही म्हणायचं तर कारण लागतं. तिला ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पदर खोचून मागच्या सीटवर एका अंगानं बसू लागली.

पंधरा दिवस हेच चाललं. स्कूटर गचके खात पुढे जायची, बंद पडायची. नारायणराव किक मारायचे. पंजाबराव बैलगाडीवरून ओरडायचा, "क्लच हळू सोडा ना मास्तर! तुमी त एकदमच सोडून देऊन राहिले!" अनुपमाच्या डोळ्यांसमोर वडिलांचा डावा हात असे. दाबला, फिरवला, सोडला. ती बघत राही. विचार असा काही मनात येत नसे. मैदानाच्या कडेनं जाणाऱ्या बायका थबकून बोलत. हीच ती, असं म्हणत असाव्यात. तेही तिला लांबून ऐकू आल्यासारखं वाटे.

सोळाव्या दिवशी पंजाबराव म्हणाला, "आज एकटे चालवा, मास्तर."

नारायणराव एकटे निघाले. वळताना स्कूटर उजवीकडे ओढली गेली, ते घाबरले आणि ब्रेक लावायच्या ऐवजी त्यांनी मूठ पिळली. स्कूटर बांधावर चढून आडवी झाली. अनुपमा धावत पोचली तेव्हा ते मनगट धरून बसले होते. मनगट वाकडं दिसत होतं.

"मोडलं वाटते," पंजाबराव म्हणाला. त्यानं कोबीची पोती बाजूला सारून त्यांना गाडीत बसवलं. "चाला दवाखान्यात. पन हे स्कूटर कोन नेईन?"

"राहू दे इथंच," नारायणराव कण्हत म्हणाले.

"इथं कशी राहू द्याची? संध्याकायपावतर चाकं बी नाई दिसनार." त्यानं अनुपमाकडे पाहिलं. "बाई, तू पंधरा दिस मांगं बसली. येते का तुले?"

"येईल," ती म्हणाली. आपण हे बोललो याचं तिला नवल वाटलं नाही.

तिनं स्कूटर उभी केली. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. क्लच दाबला, पहिला गियर टाकला, हळूहळू सोडला. पुढे बैलगाडी, मागे ती. बैलांच्या चालीनं पहिल्या गियरमध्ये जायचं म्हणजे सारखा क्लच धरायचा. डाव्या हाताला पेटके आले. नाक्यावर पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. गाडीतून नारायणराव मान वळवून बघत होते. "ब्रेकवर पाय ठेव," ते दोनदा म्हणाले. मग पुढे तोंड करून बसले.

हाताला सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. अनुपमानं लायसन्स काढलं आणि वडिलांना रोज शाळेत सोडू लागली. फाटकाशी पोरं खिदळायची. एक सहशिक्षक म्हणाले, "वा, मास्तर, सारथी बरा मिळाला." नारायणराव म्हणाले, "हो."

एका संध्याकाळी एकटीच परतताना नळाच्या चिखलात चाक घसरलं आणि ती पडली. गुडघा सोलवटला. घरी आल्यावर ताराबाईंनी जखम धुऊन हळद दाबली.

"आई गं!" अनुपमा ओरडली. "दुखतंय."

ताराबाई थांबल्या. अनुपमा रडत होती, लहान पोर रडतं तशी, तोंड उघडं टाकून. गुडघ्यासाठी की कशासाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ताराबाईंनी पट्टी बांधली. मग त्या चहा ठेवायला उठल्या. थोड्या वेळानं रडणं आपोआप थांबलं, तेव्हा आतमध्ये पुन्हा सगळं पहिल्यासारखंच शांत होतं. गुडघा तेवढा ठणकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती लंगडत अंगणात आली आणि वडील मागे बसेपर्यंत स्कूटर धरून उभी राहिली.