माळ्यावरची बुटकी फळी

नगरपालिकेचे तपासनीस मिस्टर ओकशॉट जिन्याच्या तळाशी थांबले आणि दाराला टेकवलेल्या बिस्किटांच्या डब्याकडे बघत राहिले.

"हे दार आगीला अडवायचं म्हणून बसवलंय, मॅडम. ते आपोआप बंद व्हायला हवं."

"म्हणून तर डबा लावलाय," ऑड्री म्हणाली. "दर वेळी माझ्या तोंडावरच बंद होतं मेलं!"

रोझलिंडने डबा उचलला. आज मम, म्हणजे तिची आई, काय काय बोलेल, याचा नेम नव्हता.

माळ्यावरची ही खोली वॉल्टरने, तिच्या वडिलांनी, तिच्यासाठी केली होती. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाचं हे शेवटचं काम. नकाशे मंजूर होते, पहिली तपासणीही झाली होती. पण वासे, लोखंडी तुळई आणि थंडी अडवणारा थर पालिकेला दाखवायच्या आधीच त्याने प्लास्टर करून टाकलं, कारण रोझलिंड ख्रिसमसला येणार होती. फेब्रुवारीत तो गेला. आता पालिकेचा शेवटचा दाखला मिळाला नाही, तर ही खोली कागदोपत्री अडगळीचा माळाच राहणार होती. रोझलिंडने तर इथे राहायला यायचं म्हणून लीड्समधलं भाड्याचं घर सोडलंसुद्धा होतं.

ओकशॉटनी जिन्यावरची उंची मापली, वर जाऊन धुराची घंटा वाजवून पाहिली, छतातली खिडकी उघडून बंद केली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी भिंतीवर टकटक केली.

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला सही करता येत नाही. तीन-चार ठिकाणी फोडावं लागेल."

रोझलिंडने त्या गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवला. कुठे सांधा लागत नव्हता. "छोटंसं भोक चालणार नाही?"

"हात आणि टॉर्च जाईल एवढं तरी हवं."

"वॉल्टरला तुमची वाट बघायला धीर नव्हता," ऑड्री म्हणाली. "आणि तुम्ही आलात आता!"

ओकशॉट कुठे फोडावं ते शोधत वळले आणि थबकले. उतरत्या छताखालच्या बुटक्या भिंतीवर, जेमतेम कमरेइतक्या उंचीवर, डार्ट्सची, नेम धरून छोटे बाण फेकायची, गोल फळी टांगलेली होती.

"ही कुणी लावली?"

"डॅडनी."

"मी दर गुरुवारी पबच्या संघातून खेळतो. फळीचा मधला ठिपका जमिनीपासून पाच फूट आठ इंचांवर हवा. ही काय बुटक्यांसाठी आहे?"

"वॉल्टरने जन्मात डार्ट हातात धरला नव्हता," ऑड्री म्हणाली. "मला वाटलं, दुकानात स्वस्त मिळाली असेल."

रोझलिंडला ते पटेना. डॅड फोटोची चौकटही तीन वेळा मापून लावायचे. एखादी गोष्ट चुकीच्या उंचीवर टांगणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. तिने गुडघे टेकले आणि फळी उतरवली. मागे फळीपेक्षा जरा लहान चौकोनी पत्रा होता, त्याला चार स्क्रू. चारही स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा ताठ उभ्या. बाकी सुतार खाचा वेड्यावाकड्या सोडत. डॅडच्या कधीच नसत.

तिने स्क्रू काढले. आत वासे होते, तुळईवर नीट टेकलेली लाकडं होती, जाड पिवळा थर होता, आणि एका लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं: "साहेब, थांबायला वेळ नव्हता. इथून सगळं दिसेल. भिंत फोडू नका. पत्रा परत लावताना खाचा उभ्या ठेवा."

ओकशॉट टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी डोकं आत घातलं. बराच वेळ नुसती त्यांची पाठच दिसत होती.

"मेल्यावरसुद्धा हुकूम सोडतोय बघा," ऑड्री म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

"काम चोख आहे," आतून आवाज आला. "दाखला आठवड्याभरात येईल. फक्त तो बिस्किटांचा डबा..."

"खाऊन संपवते," ऑड्री म्हणाली.

रोझलिंडने पत्रा परत बसवला. शेवटच्या स्क्रूला ती अर्धा फेरा पुढे, मग थोडं मागे, असं खाच उभी येईपर्यंत करत राहिली. मग तिने फळी परत टांगली.

"फळी तेवढी वर घ्या हो," ओकशॉट कपडे झटकत म्हणाले.

"नाही. तिथेच राहील."

"मग खेळणार कशी?"

ती गुडघ्यांवर बसली, तिने नेम धरला आणि फळीबरोबर आलेला डार्ट फेकला. तो फळीच्या वीतभर वर, डॅडच्या गुळगुळीत प्लास्टरमध्ये घुसला.

मिस्टर ओकशॉट घाईघाईने खिडकीबाहेरचं आभाळ बघू लागले.