ताईचं गप्प बसणं

ताई वर्गात शिकवतानाचा व्हिडिओ मीच काढला आणि मीच कापला. शाळा सोडल्यापासून मी फोटो स्टुडिओत एडिटिंग करते, तेव्हा काम माझ्याकडेच येणार होतं. तिची नोकरी पक्की होणार की नाही, ते या व्हिडिओवर ठरणार होतं.

प्रशिक्षणात शिक्षकांना एक गोष्ट शिकवली होती. प्रश्न विचारला की तोंड मिटून थांबायचं. पोरांना आठवायला जरा कष्ट पडू द्यायचे, म्हणजे ते डोक्यात राहतं. ताईसाठी ही शिक्षाच. ती दूध उकळायचीही वाट बघत नाही. घरी आरशासमोर सराव चालायचा. "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" असं विचारून ओठ दाबून उभी. मी म्हटलं, "आरसा नापास." तिने कंगवा फेकून मारला.

वर्गात मात्र तिने करून दाखवलं. प्रश्न विचारला आणि हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली. पुढच्यांचे हात वर आले, तिने नजरेनेच थोपवले. शेवटच्या बाकावरचा ढापण्या चष्मा पुसत होता. पुसतोय, पुसतोयच. मग हळूच म्हणाला, "गोठताना पाणी फुगतं. जागा जास्त घेतं, वजन तेवढंच."

स्टुडिओत बसून मी ते सगळं थांबणं उडवून टाकलं. प्रश्न, की लगेच उत्तर.

आज शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांचे व्हिडिओ बघितले. लॅपटॉप लावायला मी होते. ताईचा संपल्यावर प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या, "तुम्ही थांबलाच नाहीत. त्या मुलाला उत्तर आधीच सांगून ठेवलं होतं का?"

कोणीतरी फिसकन हसलं. ताईने माझ्याकडे बघितलं. मी वायर गुंडाळायला लागले. न कापलेल्या व्हिडिओचं कार्ड माझ्या खिशात होतं.

"नाही हो, सांगून नव्हतं ठेवलं," ताई म्हणाली. बस, एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

"चहा घेऊ, मग ठरवू," मॅडम म्हणाल्या.

ताई मला जिन्यात घेऊन आली. "का कापलंस?"

"कंटाळवाणं दिसत होतं."

 पूर्वी ताई मला शिकवायला बसली की प्रश्न विचारायची आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायची. वर "एवढंही येत नाही?" मला यायचं. जरा वेळाने यायचं. मी भडकून वही भिरकावायचे. मग एक दिवस शाळाच भिरकावली.

आता ती कठड्याला टेकून उभी होती, हात पाठीमागे, ओठ दाबलेले. आळशी म्हणाली असती, जळकी म्हणाली असती, तर भांडता तरी आलं असतं. खाली कुठेतरी नळ गळत होता.

"त्या ढापण्यासाठी थांबलीस," मी म्हणाले. "माझ्यासाठी कधी थांबली नाहीस."

तिचे डोळे भरले, पण ती मध्ये बोलली नाही. माझं अजून संपलं नाही, हे तिला कळलं असावं.

"कार्ड आहे माझ्याकडे. मगाशी आत होतो तेव्हाही होतं."

वर कपबश्या गोळा करायचा आवाज आला. मी खिशातून कार्ड काढलं आणि जिना चढायला लागले.