बेबीच्या वतीने

बेबी चौतीस वर्षांची झाली तरी तिला सगळे बेबीच म्हणत, आणि तिच्या वतीने बोलायचं काम ताईकडे होतं. ते कुणी नेमून दिलेलं नव्हतं. लहानपणी पाहुणे विचारत, "काय गं, नाव काय तुझं?" बेबी खिडकीच्या गजांकडे बघत बसे आणि ताई नाव सांगून मोकळी होई. पुढे दवाखान्यात, बँकेत, दुकानात तेच चालू राहिलं. "बेबीला गरम होतंय." "बेबीला हा रंग नको." "बेबी म्हणते, नंतर या." यातलं बेबी काहीच म्हणालेली नसे. पण ताईचं बहुतेक वेळा बरोबर निघे, आणि लोक म्हणत, "तुम्ही आहात म्हणून हो!" हे ऐकलं की ताईच्या अंगावर मूठभर मांस चढे.

दोघींचं कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोट सैल करणं, असली कामं. ताई शिवायची आणि बेबी उसवायची. कापडाला ओरखडा न येऊ देता ती आख्खी शिवण काढून द्यायची आणि निघालेले दोरे रंगाप्रमाणे लावून ठेवायची. ते दोरे कुणी हलवलेले तिला खपत नसत.

बेबी अगदीच मुकी होती असंही नाही. ती ऐकलेली वाक्यं बोलायची. रेडिओवरच्या जाहिराती, मशीन दुरुस्त करणाऱ्याचं "बाई, तेल घालत जा", आणि सगळ्यांत जास्त म्हणजे त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टचं "कृपया दरवाजा बंद करा." बेबी असं म्हणाली की ताई उठून दुकानाचं दार लावायची. दार आधीच लावलेलं असलं तर म्हणायची, "लागली हिची टेप."

मग ताईच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन करावं लागलं. त्या दिवसांत चुलत वहिनी बेबीजवळ राहायला आली. ताई घरी परतली तेव्हा बेबीचे गाल बसले होते आणि वहिनी रडकुंडीला आली होती. "मला काही कळेचना गं. काय हवं, काय दुखतंय, काही म्हणजे काही नाही." ताईच्या मनात आलं, उद्या आपलंच काही बरंवाईट झालं तर? म्हणून तिनेच चौकशी केली, तिनेच फोन लावला, आणि तीच बेबीला स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेली. हे पुढे ती स्वतःला वारंवार ऐकवायची: तूच नेलंस.

लहानपणी बेबीला बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेत असत. त्या बिस्कीट हवेत धरायच्या आणि बेबीने डोळ्यांत बघून "दे" म्हटल्याशिवाय सोडायच्या नाहीत. बेबीने शेवटी बिस्किटं खाणंच सोडून दिलं. ही थेरपिस्ट तशी नव्हती. आखूड केसांची, चष्मेवाली, जेमतेम तिशीची. ताई तिला मनातल्या मनात "ती पोरगी" म्हणायची. पहिल्या दिवशी पोरगीने जमिनीवर सतरंजी टाकली, डबाभर जुन्या चेनी ओतल्या आणि एक उचलून ती उघडत-मिटत बसली. बेबीला तिने एकही प्रश्न विचारला नाही, तिच्याकडे नीट बघितलंही नाही. ताईला वाटलं, दुकान बंद ठेवून मी हे बघायला आले का?

अर्ध्या तासाने बेबी सतरंजीवर बसली होती आणि तिचे हात पंखांसारखे हलत होते. ताई सवयीने म्हणाली, "बेबी, हात."

"हलू देत की," पोरगी म्हणाली. "मजा येतेय तिला."

"बोलायला कधी शिकवणार तुम्ही?"

"ती बोलते ना. मलाच अजून नीट कळत नाहीये. 'कृपया दरवाजा बंद करा' असं ती कधी म्हणते?"

"दार उघडं असलं की. नाहीतर उगीच."

पोरगीने मान डोलावली. तीन-चार भेटींनंतर ती म्हणाली, "ताई, मला एक वाटतंय. चुकतही असेन. आपण दोघी एकदम बोलायला लागलो की ती ते म्हणते. आवाज फार झाला, थांबा, असं असेल का?"

"नाही हो. मी ओळखते ना तिला," ताई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम भांडायला लागली, मशीन घरघरत होतं, आणि बेबी म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा." ताई उठली, दाराकडे निघाली आणि मध्येच थबकली. तिने मशीन बंद केलं, गिऱ्हाइकांना जरा बाहेर उभं राहायला सांगितलं. बेबीचे खांदे खाली आले. तिने पुन्हा दोरा ओढायला घेतला.

ताईला आनंद व्हायला हवा होता. पण ती मशीनपुढे बसून राहिली आणि तिला एवढंच वाटत राहिलं की इतकी वर्षं मी दार लावत होते, आणि हे त्या पोरगीला चार भेटींत कळलं. घरी हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आई असती तर म्हणाली असती, अगं, चांगलंच आहे की. चांगलंच होतं. म्हणूनच जास्त झोंबत होतं.

थेरपीच्या दिवशी बेबी न सांगता चपला घालून दाराशी उभी राहू लागली. एरवी कुठे जायचं तर ताईला घसा कोरडा करावा लागे. आणि ती तिथे हसायची. घरी हसत नसे असं नाही, पण ते हसू ताईच्या ओळखीचं होतं. हे नवीन होतं, नाकातून आवाज येणारं, आणि ते त्या पोरगीसाठी निघत होतं.

मग टॅबलेट आला. त्यावर चौकोन होते, चौकोनात चित्रं आणि शब्द. बोट ठेवलं की शब्द मोठ्याने ऐकू यायचा. बेबीवर कसलीच सक्ती नव्हती. पोरगी स्वतःच बोलता बोलता चौकोन दाबायची आणि बेबी ते तिरक्या नजरेने बघायची. एक दिवस बेबीने स्वतः बोट ठेवलं, "पंखा", आणि जरा शोधून, "दुखतो." दुकानातला पंखा कण्हत असे, कैक वर्षं. ताईने त्याच दिवशी तो बदलला आणि दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

"यात घरच्या माणसाचा आवाजही भरता येतो," पोरगीने एकदा सांगितलं. "काही जणांना तो आवडतो. बघायचं का?"

ताईचा चेहरा खुलला. बेबी टॅबलेटवर बोलली तरी आवाज आपलाच असेल, हे तिला एकदम न्यायाचं वाटलं. तिने दुपारी शटर अर्ध्यावर ओढलं, कोमट पाणी प्यायलं आणि एकेक शब्द म्हणून घेतला. पाणी. नको. बास. घरी जाऊ. "नको" तिने तीनदा म्हटला, गोड यावा म्हणून.

पुढच्या भेटीत बेबीने "पाणी" दाबलं. ताईचा आवाज आला. बेबीने चमकून ताईच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड बंद होतं. तिने परत दाबलं, परत पाहिलं. मग टॅबलेट दूर सारला आणि म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा." त्याचा अर्थ आता खोलीतल्या तिघींनाही माहीत होता.

पोरगीने टॅबलेटमधले तयार आवाज एकेक करून ऐकवले. बेबीने एका बाईचा जाडसर, घोगरा, जरा रागीट आवाज निवडला. बस कंडक्टरला शोभला असता असा. पोरगीने तीनदा विचारलं, तीनदा बेबीने तोच दाबला.

"तिला तिचा वेगळा हवा असेल," पोरगी ताईला हळूच म्हणाली.

"मला काय त्याचं," ताई म्हणाली. रस्त्याने येताना मात्र तिने बेबीचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला, आणि बेबीने तो सोडवून घेतला.

एवढं झालं तरी ताईने सहन केलं असतं. पण एक गोष्ट तिची स्वतःची होती. दुकान बंद केलं की ती रोज संध्याकाळी बेबीचे केस विंचरायची. बेबी तिच्यापुढे पाठ करून बसायची, ताई दिवसभराचं सगळं तिला सांगायची, आणि तिला वाटायचं की जगात आपल्याला एवढं ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही. एका भेटीनंतर पोरगीने तिला बाजूला घेतलं.

"ताई, बेबी म्हणाली, केस तिचे तिला विंचरायचेत. डोक्याला टोचतं म्हणे."

"म्हणाली? तुम्हाला?"

"इथे दाबलं तिने. ताईला सांगू का, असं मी विचारलं. हो म्हणाली."

"मला का नाही सांगितलं?"

उत्तराची वाट न बघता ताई दुकानात परतली. टॅबलेट तिने कपाटात, गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांच्या थप्पीखाली सरकवला. बेबी शोधायला लागली तेव्हा म्हणाली, "दुरुस्तीला दिलाय." मग फोन करून पोरगीला सांगितलं, "बेबीला आता यायचं नाही."

"तसं ती म्हणाली का?"

"मला कळतं तिचं."

पलीकडून आवाज आला, "बरं. पण टॅबलेट तिच्याजवळच राहू द्या, ताई. यायचं नसलं तरी."

ताईने फोन ठेवला.

चार दिवस बेबी कपाटाभोवती घुटमळली. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ताईच्या कमरेला. पाचव्या दिवशी ताई बटणं आणायला गेली आणि परत आली तेव्हा बेबी नेहमीच्या जागी बसून मन लावून काम करत होती. पुढ्यात कोट होता. शाळेतून निवृत्त होणाऱ्या मास्तरांचा, दोन दिवस खपून ताईने तयार केलेला, दुसऱ्या दिवशीच्या निरोप समारंभासाठी. त्याच्या दोन्ही बाह्या निघाल्या होत्या. अस्तर वेगळं, कॉलर वेगळी, खिसे वेगळे. कापडावर एक ओरखडा नव्हता. काळे दोरे ओळीने लावून ठेवलेले होते.

ताई ओरडणार तेवढ्यात मास्तर दारात उभे राहिले. त्यांनी कोटाचे तुकडे बघितले. "अरेच्चा! हे काय?"

"काही नाही हो," ताईच्या तोंडून आपोआप निघालं, "बेबीला बरं नाहीये, तिला वाटलं की..."

आणि तिला पुढचं वाक्य सापडेना. बेबीला काय वाटलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत इतकं पक्कं कधीच ठाऊक नव्हतं. आणि तेच तेवढं तिला बेबीच्या वतीने सांगता येत नव्हतं.

तिने किल्ली काढली, कपाट उघडलं आणि टॅबलेट बेबीच्या हातात दिला. बेबीने मास्तरांकडे बघितलं नाही, ताईकडेही नाही. बराच वेळ शोधून बोट ठेवलं. घोगरा आवाज दुकानभर घुमला. "ताई." मग, "घेतला." मग, "माझा."

मास्तर गोंधळून ताईकडे बघू लागले.

"खरं आहे," ताई म्हणाली. "मी लपवून ठेवला होता. कोटाचं निस्तरते मी. बसता का जरा?"

मास्तर बसले. आयुष्यभर वर्गात बसून न ऐकणारी पोरं सांभाळल्यामुळे असेल, त्यांना घाई नव्हती. बेबीने तुकडे एकेक करून पुढे केले, ताईने टाके घातले. अंधार पडायच्या आत कोट उभा राहिला. मास्तरांनी तो तिथेच घालून बघितला आणि बेबीला विचारलं, "कसा दिसतो?" ताईने ओठ घट्ट मिटले. बेबीने दाबलं, "बटण." वरचं बटण खरंच चुकीच्या काजात गेलं होतं.

थेरपी पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दिवशी बेबीने दाबलं, "ताई. बाहेर." ताई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आतून ते नाकातलं हसू ऐकू येत होतं. वेळ संपल्यावर पोरगी दार उघडून आली तेव्हा ताई म्हणाली, "मला तुमचा हेवा वाटतो. खूपच."

पोरगी लाल झाली. "माझं काही चुकतंय का?"

"नाही ना. चुकलं असतं तर बरं झालं असतं." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती शोधत असते तेव्हा मध्ये न बोलता कसं राहता हो तुम्ही? माझं तोंड आपोआप उघडतं."

"मी मनात गाणं म्हणते," पोरगी म्हणाली. "पूर्ण. कधी कधी दोन."

ताईला गाणी येत नव्हती. पण तिला आपली युक्ती सापडली. एक बाई पडद्यांचं ओझं घेऊन आली तेव्हा ताई पँट टाचत होती. बाईने नेहमीप्रमाणे ताईला विचारलं, "कधी देता?" ताईने बेबीकडे बोट दाखवलं आणि चार टाचण्या ओठांत धरल्या. आता बोलणं शक्यच नव्हतं.

बाई बेबीकडे वळली. बेबी पडदे हाताने चाचपत राहिली, शिवणी उलटून बघत राहिली. ताईच्या जिभेवर "उद्या" येऊन बसलं होतं. गिऱ्हाईक कंटाळलं, भिंतीवरच्या आरशात केस सारखे करू लागलं. टाचण्या ओठांना टोचू लागल्या.

"उद्या. नको," घोगरा आवाज म्हणाला. "परवा."

"परवा चालेल," बाई म्हणाली आणि बेबीसमोर स्टूल ओढून बसली. "हे बोलायचं यंत्र छान आहे हो. माझ्या भाच्यालाही हवंय असं. दाखवता का जरा?"

बेबीने टॅबलेट तिच्या बाजूला किंचित वळवला. दोघींची डोकी जवळ आली. ताईला जरासं झोंबलंच. तिने एकेक टाचणी तोंडातून काढली, पँटला लावली, आणि पडदे उद्याच्या कामांत न घेता परवाच्या ढिगावर ठेवले.