घासाचं उद्घाटन

पीक कधी कापायचं हे पीकच ठरवतं, माणसानं फक्त ते ऐकायचं असतं. मोहोळजवळच्या हिंदुरावांच्या रानात मात्र ते गावचे पुढारी राजशेखरअण्णांच्या मोकळ्या तारखेनं ठरवलं.

तिथं दोन एकर लसूणघास सून सोनालीनं लावला होता. जवळचा एक डेअरीवाला वासरांसाठी वाळवलेला घास घ्यायला तयार होता. अट एवढीच की नमुन्यात प्रथिनं पुरेशी हवीत. नमुना पास झाला तर रान सोनालीच्या हाती राहणार. नापास झाला तर हिंदुराव तिथं ऊस लावणार.

पहिली जांभळी फुलं दिसली तशी सोनाली म्हणाली, "मामा, उद्या कापू. फुलं वाढली की काड्या राठ होत्यात."

"उद्या? पाहुणा कोण हाय?"

"घास कापायला पाहुणा कशाला?"

"पहिली कापणी हाय. आपण काय चोरून कापतुय व्हय?"

हिंदुरावांच्या घरात उद्घाटनाशिवाय काही सुरू होत नसे. पिठाच्या गिरणीचं तर दोनदा झालं, कारण पहिल्यांदा वीज नव्हती. अण्णांनी तारीख दिली आणि नेमका त्यांना नातेपुत्यात साखरपुडा निघाला. दुसरी दिली, तर एके ठिकाणी सांत्वनाला जायचं होतं. तोवर दोन्ही एकर जांभळे झाले.

"आता फोटू झ्याक येईल," हिंदुराव बांधावरून म्हणाले.

अखेर अण्णा आले. त्यांनी फीत कापली, मूठभर घास कापला आणि फेट्यासकट निघून गेले. उरलेला घास गड्यांनी कापला.

सोनाली तो पडवीत, सावलीला वाळवणार होती. पण पडवीत कार्यक्रमाच्या खुर्च्या रचलेल्या. म्हणून घास स्लॅबवर गेला आणि सोनाली बचत गटाच्या मीटिंगला गेली. सासूबाई सारजाबाईंचा जन्म तूर-ज्वारीत गेलेला. वाळलेलं काही दिसलं की ते बडवायचं. त्यांनी भर उन्हात घास झोडपला, पाला झटकला आणि काड्यांच्या कडब्यासारख्या देखण्या पेंढ्या बांधल्या.

"आत्या, पाला कुटंय?" सोनालीनं आल्या आल्या विचारलं.

"कचरा व्हय? उकिरड्यावर टाकला की. लई निघाला."

"सगळा कस पाल्यातच असतुय, आत्या."

"मग आदी सांगायचं. पेंढ्या बग की कशा बसल्यात."

नमुना हिंदुरावांनी स्वतः पोचवला, फितीनं बांधून. डेअरीवाल्यानं तपासणी करून फोन केला आणि अदबीनं विचारलं, घास म्हणून या तुराट्या कुणी दिल्या. हिंदुरावांनी नांगरटीला ट्रॅक्टर सांगितला. ट्रॅक्टरवाल्याची कामं तुंबली होती, तो पुढच्या महिन्यात येतो म्हणाला.

तेवढ्यात घास पुन्हा फुटला. पहिली फुलं दिसली त्या दिवशी हिंदुराव वेळापूरला लग्नात होते. सोनालीनं घास कापला, पडवीत पातळ पसरला आणि पाला गळू नये म्हणून रोज सकाळी, तो दमट असतानाच, हलक्या हातानं उलटला. सारजाबाईंना तिनं तोवर माहेरी पाठवलं.

नमुना पास झाला. हिंदुरावांनी ट्रॅक्टरवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि सुनेला विचारलं, "अण्णांच्या जागी कोण हुतं?"

"कुणीच न्हाय."

हिंदुरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. "बरं. पुढच्या येळंला रीतसर करू. कवा हाय ती?"

लसूणघास वर्षातून आठ-नऊ वेळा कापावा लागतो.